फिनलेविरुद्धचं एक मत

कॅरिग मतदारसंघात मूल जन्मलं की त्याचा बाप्तिस्मा व्हायचा आणि पक्ष ठरायचा. खरं तर पक्ष आधीच ठरलेला असे, उशीर व्हायचा तो पाद्रीबाबांनाच. मॅकिनन म्हणजे लिबरल, बीटन म्हणजे टोरी. गिलिसांत दोन घराणी होती, डोंगरातली टोरी आणि बंदरातली लिबरल, आणि एकीकडची पोरगी दुसरीकडे द्यायची झाली की आठवडाभर रडारड. कॅनडातल्या केप ब्रेटनच्या त्या पश्चिम किनाऱ्यावर खडक, मासे आणि थोडा कोळसा यांच्यापलीकडे फारसं काही नव्हतं, पण राजकारण मात्र बारमाही पिकायचं.

मर्डॉक गिलिस बंदरातला. त्याचं खिळे-रंग-कुऱ्हाडींचं दुकान होतं, आणि निवडणूक लागली की तो कॅरिगचा निवडणूक अधिकारी असे. मतदारसंघाचा इतिहास त्याला तोंडपाठ होता आणि गिऱ्हाइकानं विचारलं नाही तरी तो सांगायचा. पहिला खासदार माशांचा व्यापारी. त्यानं मतामागे एकेक पेला रम पाजली आणि निवडून आल्यावर ती सगळी रम माशांच्या भावातून वसूल केली. त्याच्यानंतरचा डॉक्टर होता, तो नाडी बघायच्या आधी पक्ष विचारायचा. एकोणीसशे पंचवीस साली टोरी अकरा मतांनी आले, कारण समोरच्या बेटावरची मतपेटी वादळात अडकली आणि ती आणायला गेलेले दोघंही टोरी होते. होडी इतकी हळू का आली, हे आजही त्या घरात विचारायची सोय नाही. डांबराचं तर काय सांगावं! सत्ता लिबरलांची असली की लिबरल घरांसमोर रस्ता काळा आणि टोरींसमोर धूळ. सत्ता पालटली की धूळही पालटायची.

मग एकोणपन्नास साली फिनले मॅकिनन आला. त्या नावाचे चौघे जण होते, म्हणून याला घंटेवाल्याचा फिनले म्हणत, कारण बाप चर्चची घंटा वाजवायचा. शाळामास्तरकी सोडून तो लिबरलांकडून उभा राहिला आणि निवडून आल्यावर त्यानं एक अघटित केलं. टोरींच्या दारासमोरही डांबर टाकलं. स्वतःच्या पक्षानं शिव्या घातल्या. टोरी म्हाताऱ्या मात्र पडद्याआड उभ्या राहून म्हणाल्या, "पोरगा चुकीच्या घरात जन्मला." अठ्ठावन्न साली टोरींची लाट आली, भले भले लिबरल वाहून गेले, पण कॅरिगनं फिनलेला सोडलं नाही. सहा वेळा तो निवडून आला. मताधिक्य दर खेपेला आटत चाललं होतं हे खरं, पण माणूस टिकून होता.

मर्डॉक आणि फिनले एका बाकावर शिकले, एका होडीत हेरिंग पकडायला गेले, आणि एकाच पोरीवर, म्हणजे एफीवर, दोघांचाही जीव जडला. एफीनं मर्डॉकशी लग्न केलं. फिनले लग्नात सगळ्यांत जास्त नाचला आणि नंतर त्यानं लग्नच केलं नाही. खासदार झाल्यावर त्यानं पहिलं काम केलं ते मर्डॉकला निवडणूक अधिकारी नेमून घेण्याचं. नेमणूक करायची सरकारनं आणि नाव सुचवायचं खासदारानं, अशीच रीत होती. त्यात कोणाला वावगं वाटत नसे. अट एकच. निवडणूक अधिकाऱ्याला मत नाही. दोन उमेदवारांना अगदी सारखी मतं पडली, तरच त्यानं आपलं एक मत टाकून निकाल लावायचा. कॅरिगमध्ये अशी वेळ कधी आलीच नव्हती.

"लग्नात पाद्री असतो ना, तसा तू," एफी म्हणायची. "सगळं तुझ्या हातानं, आणि तुझं काहीच नाही."

पासष्टच्या एप्रिलमध्ये एफी गेली. शवपेटीला पुढून खांदा फिनलेनं दिला. 

त्याच वर्षी सप्टेंबरात, निवडणूक जाहीर झाली त्या आठवड्यात, फिनले दुकानात आला. कुऱ्हाडीचा दांडा हवा होता. चार दांडे त्यानं हातात तोलून पाहिले, एक घेतला, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि दारात वळून म्हणाला, "आणि हे बघ, एफीला सांग, रविवारी मी जेवायला येतोय. तिच्या हातचा सुका कॉड मासा खाऊन किती दिवस झाले!"

मर्डॉक खिळ्यांच्या खोक्यात हात घालून तसाच उभा राहिला. काहीतरी बोलायला हवं होतं. "सांगतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी फिनलेची बहीण फ्लोरा आली. तीही जुनी मास्तरीण, ताठ कण्याची, भावाचं घर तीच बघायची. तिनं दिव्याची वात मागितली, पण दुकान रिकामं होईपर्यंत ती पिशवीत टाकली नाही.

"काल त्यानं दांडा नेला ना? घरात तसले पाच झालेत."

"फ्लोरा, त्यानं एफीला निरोप दिला माझ्याजवळ."

फ्लोरानं डोळे मिटले. "मला वाटलं होतं निदान तिला तरी तो विसरणार नाही." मग ती सगळं बोलली. मागच्या अधिवेशनात राजधानीत, ओटावाला, फिनले कालव्याच्या काठानं सपाता घालून भटकत होता. एका हमालानं ओळखून मुक्कामी पोचवला. आपण कुठं राहतो ते त्याला सांगता येईना, मतदारसंघाचं नाव मात्र खणखणीत सांगितलं. ती सोबत जायची म्हणते, तर खवळतो. म्हणतो, खासदाराला आया लागत नाही.

"पक्षाला ठाऊक आहे?"

"रॉडी चिझमला सगळं ठाऊक आहे. म्हणतो, चालतंय तोवर चालवू."

"मग फिनलेला कोणी सांगत का नाही?"

"मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार? मी तोंड उघडते आणि म्हणते, दूध गरम करू का. तू सांगतोस?"

मर्डॉकनं काउंटरवरची धूळ पुसली. ती आधीच पुसलेली होती.

"मी चर्चमध्ये काय मागते माहितेय?" फ्लोरा म्हणाली. "तो हरावा. सगळ्यांच्या देखत, सन्मानानं, सरळ हरावा आणि घरी यावा. सख्ख्या बहिणीनं असं मागावं का रे?"

प्रचार झाला. खालच्या खाडीवरच्या सभेत फिनलेनं जाहीर केलं की मी निवडून आलो तर बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा बांध घालून देईन. बांध होऊन दहा वर्षं झाली होती आणि सभेला आलेले निम्मे लोक त्यावरूनच आले होते. लोक पोट धरधरून हसले. घंटेवाल्याचा फिनले पहिल्यापासून विनोदीच! टाळ्या थांबेनात. फ्लोरा मागच्या रांगेत बसून रडत होती आणि शेजारच्या बाईला वाटलं की हीसुद्धा हसूनच रडतेय.

समोर अ‍ॅलन बीटन होता, टोरी, तरुण वकील, सरळ माणूस. मतमोजणीच्या रात्री आकडे असे काही येत गेले की रेडिओवाल्याचा आवाजही बसला. शेवटच्या पेटीनंतर फिनले एका मतानं पुढे. बीटननं फेरमोजणी मागितली, आणि न मागितली असती तर त्याच्या आईनं त्याला घरात घेतलं नसतं.

फेरमोजणी न्यायाधीशांपुढे, कोर्टाच्या वरच्या दालनात झाली. मर्डॉक एकेक मतपत्रिका पुढे करी, न्यायाधीश बघून बाजूला ठेवत. दुसऱ्या दिवशी वरच्या डोंगरातल्या केंद्राची पेटी उघडली आणि एका मतपत्रिकेवर न्यायाधीशांचा हात थांबला. फिनलेच्या नावापुढे पेन्सिलीची फुली होती, आणि फुलीच्या खाली थरथरत्या अक्षरात घरच्या गेलिक बोलीत लिहिलं होतं, देव तुझं रक्षण करो.

दालनातल्या प्रत्येकाला ते कोणाचं अक्षर आहे ते कळलं. नव्वदीच्या मोरॅगआजीच्या मते नावापुढे नुसती फुली काढली की तो मेलेल्याचा क्रूस होतो, आणि जिवंत माणसाच्या नावाला क्रूस लावायचा तर खाली आशीर्वाद हवाच. गेली चार-पाच वर्षं ती असंच लिहीत असणार. केंद्रावरचे अधिकारी तिचे भाचे-पुतणेच, ते तिकडे काणाडोळा करत. मताधिक्य हजारांत होतं तोवर कोण बघतंय!

"मोरॅगआजी," फिनले खुर्चीतून आनंदानं म्हणाला. "अजून लिहिते की हो बाई!"

न्यायाधीशांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मतदार ओळखू येईल अशी कुठलीही खूण असली तर मत बाद, कायदा स्पष्ट होता. त्यांनी पत्रिका बाजूला ठेवली. ज्या प्रेमावर फिनले सोळा वर्षं निवडून आला, त्याच प्रेमानं त्याचं एक मत खाल्लं. दोघांची मतं सारखी झाली.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "श्री. गिलिस, जेवणाच्या सुट्टीनंतर तुम्हाला मत द्यावं लागेल."

जिन्यातच रॉडी चिझमनं मर्डॉकला गाठलं. रॉडी म्हणजे कॅरिगमधला लिबरल पक्ष. पद काही नव्हतं, पण त्याच्या मर्जीशिवाय टपालवालासुद्धा नेमला जात नसे.

"वेळ आली बघ, मर्डॉक. तुला तिथं बसवला तो या एका दिवसासाठी."

"तो आजारी आहे, रॉडी."

"सरकार काठावर आहे. एकेक माणूस मोजावा लागतोय. आणि तिथं त्याला करायचं काय आहे? शेजारचा उठला की उठायचं, बसला की बसायचं. चर्चमध्ये जन्मभर तेच केलंय की त्यानं."

"तो रस्ता चुकतो."

"ओटावात सगळेच चुकतात," रॉडी म्हणाला, आणि मग त्याचा हसरा चेहरा जरा उतरला. "हे बघ, मलाही दिसतं. मलाही वाईट वाटतं. पण एकदा निवडून येऊ दे. मग मी स्वतः त्याला सांगेन की बाबा, आता विश्रांती घे."

मर्डॉकला त्या क्षणी उमगलं की हे कोणीच कधी सांगणार नाही.

बाहेर पायऱ्यांवर फिनले एकटाच बिस्कीट खात बसला होता. नोव्हेंबरचं ऊन अंगाला लागत नव्हतं. मर्डॉक शेजारी बसला. फिनलेनं अर्धं बिस्कीट मोडून त्याच्या हातावर ठेवलं, शाळेत ठेवायचा तसं.

"काय तोंड पाडून बसलायस? आज तुझी चैन आहे. इतकी वर्षं दुसऱ्यांची मतं मोजलीस, आज तुझं एक मोजलं जाणार." तो हसला. "एफी असती तर म्हणाली असती, पाद्रीबाबांनाच नवरी मिळाली."

म्हणजे आज त्याला आठवत होतं. एफी गेल्याचंही आठवत होतं. आज तो लख्ख होता, अगदी पूर्वीचा फिनले, आणि सांगायचं तर हीच वेळ होती. फिनले, तू विसरतोस. फिनले, तू आपणहून माघार घे, मी आत जाऊन काय करायचं ते तूच मला सांग. एवढंच म्हणायचं होतं. पण लख्ख माणसाला असं सांगायचं म्हणजे त्याचा तेवढा एक चांगला दिवसही हिरावून घ्यायचा, असं मर्डॉकला वाटलं. किंवा खरं सांगायचं तर त्याची छाती झाली नाही.

"मफलर नीट बांध," तो म्हणाला. "वारा आहे."

दालनात परत सगळे जमले. फ्लोरा मागे भिंतीशी, मांडीवर पिशवी, नजर जमिनीला. न्यायाधीशांनी विचारलं. मर्डॉक उभा राहिला आणि म्हणाला, "अ‍ॅलन बीटन."

पहिल्यांदा फिनले हसला. त्याला वाटलं, मर्डॉक थट्टा करतोय. मग त्यानं न्यायाधीशांना लिहिताना पाहिलं, आणि त्याचं हसू ओठांवर तसंच राहिलं, फक्त डोळे त्यातून निघून गेले. तो उठला, बीटनपाशी गेला, त्याचा हात हातात घेऊन म्हणाला, "वरच्या डोंगरातल्या विहिरीचं काम अर्धं आहे. तेवढं बघ." बीटनलाच गहिवरून आलं. मर्डॉकच्या शेजारून जाताना मात्र फिनलेनं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

पुढचं सगळं व्हायचं तसंच झालं. लिबरलांनी मर्डॉकच्या दुकानाकडे पाठ फिरवली. टोरी येऊ लागले, तर ते पाठीवर थाप मारत, आणि ती थाप शिव्यांहून वाईट लागे. कोणीतरी दुकानाच्या पाटीखाली कोळशानं लिहिलं, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. दांडे विकणाऱ्याच्या दारावर हे लिहिणारा अडाणी नव्हता. लोकरीचं कापड कुटायला बायका जमल्या की म्हणायला एक नवं गाणं झालं, गेलिकमध्ये, सात कडव्यांचं. चाल चांगली होती. मर्डॉकनं एकदा स्वतःला ती गुणगुणताना पकडलं.

"मी सांगते सगळ्यांना," फ्लोरा म्हणाली. "तू का म्हणून सोसायचं?"

"काय सांगशील? तो वेडा झालाय म्हणून? त्यापेक्षा मी हरामखोर बरा."

मग दोघांनी ठरवलं. फिनलेच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून बाहेर कोणाला सांगायचं नाही, आणि त्याला दुखवायचं नाही म्हणून त्यालाही सांगायचं नाही. एवढी माया होती, आणि सगळी मुकी.

जानेवारीत फ्लोराचा निरोप आला, ये म्हणून. मर्डॉक भीतभीतच गेला. दार फिनलेनंच उघडलं.

"आलास? ये, ये! मी सकाळपासून वाट बघतोय. निकाल काय लागला?"

मर्डॉकनं फ्लोराकडे पाहिलं. ती चुलीकडे वळली.

"जिंकलास," तो म्हणाला. दुसरं काही तोंडातून निघालंच नाही. फिनलेनं त्याला घट्ट मिठी मारली. दोन महिन्यांत मर्डॉकला कोणी मायेनं शिवलं नव्हतं. तो लहान मुलासारखा त्या मिठीत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिनले ओटावाला निघाला. खासदार झालाय म्हटल्यावर जायलाच हवं. बर्फातून रुळांच्या कडेकडेनं, कोटाशिवाय, हातात बॅग. फ्लोराला तो दोन मैलांवर सापडला. गारठून त्याच्या पायाची दोन बोटं गेली.

तेव्हापासून खरंच सांगायचं असं ठरलं. दर रविवारी मर्डॉक जाई, दर रविवारी फिनले आनंदानं दार उघडून निकाल विचारी, आणि दर रविवारी मर्डॉक त्याला सांगे की तू हरलास. आणि त्या चेहऱ्यावरचं ते हसू दर रविवारी नव्यानं विझे. एका माणसाला एकदा हरवणं कठीण असतं. मर्डॉकनं त्याला त्या हिवाळ्यात दर आठवड्याला हरवलं. मात्र कोणाच्या मतानं, हे फिनलेनं कधी विचारलं नाही आणि मर्डॉकनंही सांगितलं नाही.

मार्चमधल्या एका रविवारी त्यानं वेगळंच विचारलं.

"कितीनं हरलो?"

"एका मतानं."

"एका?" फिनले सावरून बसला. "मग चल, त्याच्याकडे जाऊन येऊ."

"कोणाकडे?"

"ज्यानं दिलं नाही त्याच्याकडे. विसरलास? निकालानंतर जिथं मतं कमी पडली, त्या वाडीत आधी जायचं. विजयाची सभा मागाहून. दारात उभं राहून विचारायचं, काय कमी पडलं. यंदा तर एकच घर आहे, किती सोपं काम! टोपी कुठं आहे माझी?"

"घेऊन जा," फ्लोरा म्हणाली. "तेवढंच फिरणं होईल."

मर्डॉकनं त्याला गाडीत बसवलं. बंदराच्या टोकापर्यंत गेला, परत फिरला. कुठल्याही बीटनच्या दारात थांबला असता तर त्यांनी फिनलेला बसवून चहा पाजला असता आणि वेळ साजरी केली असती. पण आपलं खोटं दुसऱ्याच्या तोंडून कशाला वदवायचं? त्यानं गाडी स्वतःच्या घरासमोर उभी केली.

या स्वयंपाकघरात फिनले हजारदा जेवला होता. तो उंबऱ्यात थांबला, बुटांचं बर्फ झटकलं, टोपी काढली आणि परक्या घरात बसावं तसा खुर्चीच्या कडेवर बसला. मर्डॉक टेबलाच्या पलीकडे बसला. 

"आपलं नाव?" फिनलेनं विचारलं.

मर्डॉकला वाटलं तो गंमत करतोय. पण चेहरा मतदाराच्या दारातला होता, आदबीचा आणि काळजीचा.

"मर्डॉक गिलिस."

"अरे वा. त्याच नावाचा माझा एक दोस्त आहे. दुकान आहे त्याचं. तुम्ही डोंगरातले की बंदरातले?"

"बंदरातले."

"म्हणजे आमचेच. मग तर विचारायलाच हवं. माझ्याकडून काय कमी पडलं? संकोच करू नका. रस्ता? पेन्शनचं काही अडलंय?"

"काही कमी पडलं नाही," मर्डॉक म्हणाला. "तुम्ही चांगलं काम केलंत. तुमच्याइतकं कोणीच केलं नाही. पण तुम्हाला आठवेनासं झालं होतं. माणसं आठवत नव्हती. तिकडे एकटे कुठंतरी हरवला असतात. म्हणून मी मत दिलं नाही."

फिनलेनं सगळं नीट ऐकून घेतलं. गाऱ्हाणं ऐकताना तो मान किंचित कलती करायचा, तशीच आताही केली होती.

"हे कोणाकोणाला ठाऊक होतं?"

"तुमच्या बहिणीला होतं."

"आणि माझ्या दोस्ताला? त्या दुकानवाल्या मर्डॉकला?"

"होतं," मर्डॉक म्हणाला.

फिनलेचा चेहरा एकदम मोकळा झाला. त्यानं टेबलावरून हात पुढे करून मर्डॉकच्या मनगटावर हलकेच थोपटलं, घाबरलेल्या माणसाची समजूत घालावी तसं.

"नाही हो. मग तुमचा काहीतरी गैरसमज झालाय. असं काही असतं तर त्यानं मला तोंडावर सांगितलं असतं. लहानपणापासूनचा दोस्त आहे माझा."

फिनले उठला, टोपी डोक्यावर चढवली, हात मिळवला.

"राग नाही बरं का मनात. पुढच्या वेळी बघा जमलं तर," तो म्हणाला. "निघतो. दोस्त बाहेर गाडीत थांबलाय, आणि आज वारा फार आहे."

मर्डॉकनं कोट चढवला आणि त्याच्या मागोमाग बाहेर पडला.